लाल झेंडा, पांढरा झेंडा : वाचकांचे प्रश्न

नागोयाच्या एशियाडचं वारं वाहू लागलं आणि २०२३ला चीनमध्ये हांगझोऊत झालेल्या एशियाडबद्दलची पत्रं पुन्हा यायला लागली. काही जणांच्या मनात तिथल्या शर्यती अजून संपलेल्याच नाहीत. मी एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली आणि सुट्टीच्या दिवशी मैदानी स्पर्धांना पंच म्हणून उभा राहिलो, बहुतेक वेळा भालाफेकीच्या सेक्टरमध्ये टेपचं टोक धरून. तेव्हा जिद्द, घाम, आईचे दागिने गहाण वगैरे मला विचारू नका, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. नियमाचं विचारा. या वेळी पत्रं बरीच आहेत, काहींची एका परिच्छेदात बोळवण केली आहे. राग नसावा.

हांगझोऊत आपल्याला १०७ पदकं मिळाली, पेपरात 'विक्रमी' म्हणून आलं, तरी आपण चौथेच. आणि दक्षिण कोरियाची पदकं जपानपेक्षा जास्त असून कोरिया जपानच्या खाली! हा कसला ताळेबंद?
– निवृत्त बँक कर्मचारी, कराड

बँकेतल्या माणसाला हे खटकणारच. पण ही बेरीज नाही हो, शब्दकोश आहे. शब्दकोशात आधी पहिलं अक्षर बघतात, ते सारखं निघालं तरच दुसऱ्याकडे जातात. इथे पहिलं अक्षर सुवर्ण. ते समान असेल तर रौप्य, मग कांस्य. एकूण पदकांचा रकाना सगळ्यात उजवीकडे असतो आणि क्रम लावताना त्याला कुणी विचारत नाही. जपानची ५२ सुवर्णं आणि एकूण १८८, कोरियाची ४२ सुवर्णं आणि एकूण १९०. म्हणून जपान दुसरा, कोरिया तिसरा. चीन २०१ सुवर्णांसह वेगळ्याच गावात राहतो, त्याचं सोडा.

आपली २८ सुवर्ण, ३८ रौप्य, ४१ कांस्य, हा समारोपाच्या दिवशीचा आकडा. आपल्या खाली उझबेकिस्तान, २२ सुवर्ण आणि एकूण ७१. म्हणजे एकूण पदकांत आपण त्यांच्या छत्तीसने पुढे आणि सुवर्णात फक्त सहाने. मला विचाराल तर 'शंभरी पार' या मथळ्यापेक्षा हा सहाचा आकडा जास्त बोलका आहे. तो मात्र कुणी चौकटीत छापला नाही.

क्रमांकाचंही फार मनावर घेऊ नका. १९५१ला दिल्लीत पहिलं एशियाड झालं तेव्हा आपण पंधरा सुवर्णांसह दुसरे होतो, पण आलेले देश होते अकरा. १९९०ला बीजिंगहून आपण एकच सुवर्ण घेऊन परतलो, तेही कबड्डीचं. तेव्हाचे चेहरे आठवणाऱ्याला चौथा क्रमांक लागला याचंच अप्रूप वाटतं.

आणि 'समारोपाच्या दिवशीचा' हे मी मुद्दाम म्हटलं. तुमच्याकडे २०१८च्या जकार्ता स्पर्धेचं कात्रण असेल तर त्यात भारताची ६९ पदकं दिसतील. आता नोंद ७० आहे. चार बाय चारशे मिश्र रिलेत आपण बहारीनच्या मागे दुसरे आलो होतो. आपल्या पथकाने त्याच दिवशी अडथळा आणल्याची हरकत घेतली, ती फेटाळली गेली. पुढे बहारीनची केमी अडेकोया उत्तेजक चाचणीत सापडली, आणि मोहम्मद अनस, पूवम्मा, हिमा दास, आरोकिया राजीव यांचं रौप्य २०२०मध्ये सुवर्ण झालं. त्याच अडेकोयाने चारशे मीटर अडथळ्यांचं सुवर्णही घेतलं होतं, ते गेल्यावर चौथी आलेली अनु राघवन कांस्यपदकाची मानकरी ठरली. दोन वर्षांनी! तेव्हा ताळेबंद पेन्सिलीने लिहा.

सर, मी हर्डल्स पळते. ज्योती याराजीला लाल कार्ड दाखवलं होतं ना? मग ती पळाली कशी आणि तिला पदक कसं मिळालं? आमच्या सरांनी सांगितलं की लाल कार्ड म्हणजे विषय संपला.
– इयत्ता नववी, सांगली

तुझ्या सरांचं शाळेच्या मैदानापुरतं बरोबर आहे. पण नियमाच्या पुस्तकात त्यापुढे आणखी दोन परिच्छेद आहेत, आणि ज्योतीचं पदक त्या दोन परिच्छेदांत होतं.

१ ऑक्टोबर २०२३ची संध्याकाळ, हांगझोऊत शंभर मीटर अडथळ्यांची अंतिम शर्यत. चीनची वू यान्नी बंदुकीच्या आधी सुटली. तिच्या हालचालीबरोबर ज्योतीही हलली. पंचांनी दोघींनाही बाद ठरवलं. आता नीट वाच. एकजण आधी सुटली की बाकीच्याही ओढल्या जातात, माणसाचं शरीरच तसं आहे. काटेकोर बोलायचं तर तिच्यामागून सुटलेल्यांचीही सुरुवात चुकलेलीच. पण नियम म्हणतो की स्टार्टरने, म्हणजे बंदूक उडवणाऱ्या पंचाने, त्याच्या मते चुकीला जी जबाबदार आहे तिलाच बाद करावं, ओढली गेलेलीला नव्हे. ज्योती तिथे उभी राहून नेमकं हेच सांगत होती. पडद्यावर पुन्हा बघा म्हणत होती. रडत बाहेर गेली नाही.

दुसरा परिच्छेद हरकतीचा. चुकीच्या सुरुवातीचा आरोप मान्य नसेल तर खेळाडूने तिथल्या तिथे, तोंडी, हरकत घ्यायची. मुख्य पंचाला वाटलं तर तो तिला 'हरकतीखाली' पळू देतो. म्हणजे आत्ता पळ, तुझा हक्क राखून ठेवतो, निकाल नंतर. त्या दिवशी दोघीही तशाच पळाल्या. चीनची लिन युवेई १२.७४ सेकंदांत पहिली, वू दुसरी, ज्योती तिसरी. मग चित्रफीत तपासली, वू बाद झाली आणि १२.९१ सेकंदांच्या ज्योतीला रौप्य मिळालं.

माझं मत विचारशील तर वूला पळू द्यायलाच नको होतं. पायाखालच्या ब्लॉकला जोडलेल्या प्रमाणित यंत्राने चूक दाखवली असेल, म्हणजे बंदुकीनंतर एक दशांश सेकंदाच्या आत पाय दाबला गेला असेल किंवा बंदुकीच्याही आधी, तर यंत्र उघड उघड बिघडलेलं असल्याशिवाय हरकतीखाली पळायची सवलत देता येत नाही. यजमानांची मुलगी, भरलेलं स्टेडियम. मी त्या जागी असतो तर धाडस केलं असतं का? माहीत नाही. पण बाकीच्या मुली विनाकारण ताटकळल्या, आणि गार पडलेल्या पायांनी अडथळे ओलांडणं काय असतं हे तुला मी सांगायला नको.

तुझ्या सरांशी भांडू नकोस. हा अंक त्यांना वाचायला दे.

माझी मुलगी भाला फेकते. जिल्हा पातळीवर तिची सगळ्यात लांब फेक पंचांनी लाल झेंडा दाखवून बाद केली. तिचा पाय कमानीला, म्हणजे रनवेच्या टोकाच्या रेषेला, लागला नव्हता, मी स्वतः पाहिलं. दुसऱ्या दिवशी तक्रार करायला गेले तर 'आता काही होत नाही' म्हणाले. हे योग्य आहे का?
– एक आई, नाशिक जिल्हा

ताई, दुसऱ्या दिवशी खरंच काही होत नाही. तुमच्या मुलीकडे वेळ होता तो पुढची मुलगी रनवेवर येईपर्यंतचा, फार तर मिनिटभर.

हांगझोऊच्या भालाफेकीचं रेकॉर्डिंग मिळालं तर तिला नक्की दाखवा, आणि नीरज चोप्राचा हात नका बघायला सांगू, तोंड बघायला सांगा. पहिलीच फेक त्याची चांगली पडली. पण तिचं माप नोंदलंच गेलं नाही, तोवर पुढच्या खेळाडूची फेकही झाली. नीरज पंचांशी बोलत उभा राहिला. नियम असा की खेळाडूच्या हातात नसलेल्या कारणाने फेक नीट नोंदली गेली नाही तर मुख्य पंच बदली फेक देऊ शकतो. ती त्याला मिळाली, ८२.३८ मीटर पडली. थोड्या वेळाने आपल्याच किशोर जेनाची दुसरी फेक लाल झेंड्याने बाद झाली. ही फेक जेनाची, पण पंचांना पुन्हा बघायला लावण्यात नीरज पुढे. तपासल्यावर पांढरा झेंडा आला आणि ७९.७६ मीटरची नोंद झाली. ज्याच्याशी पदकासाठी स्पर्धा त्याच्यासाठी हा माणूस पंचांशी बोलतोय. तिसऱ्या फेकीत त्याच जेनाने ८६.७७ टाकून नीरजला मागे टाकलं! मग नीरजची चौथी ८८.८८, जेनाची चौथी ८७.५४, सुवर्ण आणि रौप्य.

आता तुमच्या मुलीने काय करायचं ते. फेक बाद दिली की लगेच, रनवेजवळच, 'मला हरकत आहे, फेक मोजून ठेवा' एवढं वाक्य म्हणायचं. तिने म्हणावं किंवा तिच्या वतीने प्रशिक्षकाने. मुख्य पंचाला ती फेक मोजून बाजूला लिहून ठेवायचा अधिकार आहे, निकाल मागाहून लावता येतो. भाल्याची खूण पुसली गेली की मात्र देवसुद्धा मोजू शकत नाही. निकालाबद्दलची हरकत अधिकृत घोषणेनंतर तीस मिनिटांच्या आत, आधी मुख्य पंचाकडे तोंडी. तिथे पटलं नाही तर लेखी अर्ज आणि अनामत भरून अपील समितीकडे.

आणि पाय कमानीला लागला नाही एवढंच पुरेसं नाही. फेकल्यावर तोल सावरताना कमानीपुढे हात टेकला? भाला पडायच्या आत ती रनवेवरून बाहेर गेली? कमानीच्या पुढून चालत निघाली? भाल्याचं टोक आधी टेकलं की शेपूट? यातल्या कशानेही झेंडा लाल होतो. तुम्ही पाय पाहत होतात, बाकीचं पाहिलंत का, हे विचारतो आहे, दोष देत नाही.

मोजणीचंही तिला माहीत असू द्या. टेपचा शून्य भाल्याच्या टोकाने केलेल्या खुणेशी, दुसरं टोक कमानीच्या मागे आठ मीटरवर जो मध्यबिंदू असतो त्यावरून ताणलेलं, आणि वाचन कमानीच्या आतल्या कडेला. टेप त्या बिंदूवरून गेली नाही तर माप चुकतं. सेंटिमीटरखालचा अंश सोडून द्यायचा, वर ओढायचा नाही. ३१.४७८ आलं तर ३१.४७. मुलींना वाटतं पंचाने खाल्लं. खाल्लेलं नसतं.

एक कबुली देतो, तुमच्या पत्राने ती बाहेर काढली. एका तालुका स्पर्धेत मी कमानीवर होतो. एका मुलीचा भाला असा काही गेला की मी पाय बघायचा सोडून भाला बघत राहिलो. मान वळवली तेव्हा ती रेषेच्या पुढे उभी होती. भाला टेकायच्या आधी पुढे आली की नंतर, मला दिसलंच नव्हतं. आणि मी लाल झेंडा वर केला. न दिसलेलं बाद देता येत नाही, शंका असेल तर पांढराच, हे पंचाला पहिल्या दिवशी शिकवतात. ती मुलगी काही बोलली नाही, मान खाली घालून निघून गेली. ती बोलली असती तर मला झेंडा बदलता आला असता.

२०२३ला झालेल्या स्पर्धेवर २०२२ का लिहिलं होतं?
– चौकस, परभणी

कोरोनामुळे एक वर्ष पुढे ढकलली, नाव तेच ठेवलं. आपल्याकडे लग्नाची तारीख पुढे गेली तर पत्रिका नवी छापतात, त्यांनी जुनीच वापरली.

हांगझोऊचा कबड्डीचा अंतिम सामना आपण पंचांच्या कृपेने जिंकलो असं माझं स्पष्ट मत आहे. मी लालबागच्या मातीत खेळलेला माणूस आहे. तुमचं काय म्हणणं?
– माजी चढाईपटू, मुंबई

काका, कबड्डी माझा प्रांत नाही, आणि लालबागच्या माणसाला चढाई शिकवायची माझी हिंमत नाही. जे घडलं ते आधी वाचकांसाठी सांगतो. इराणशी २८-२८ अशी बरोबरी, जेमतेम मिनिटभर बाकी. पवन सेहरावतची 'करो या मरो' चढाई, म्हणजे गुण नाही तर बाद. कुणालाही न शिवता तो लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि इराणचे पकडपटू त्याच्यामागे लॉबीत शिरले. एका नियमाप्रमाणे एकटा चढाईपटू बाद, दुसऱ्याप्रमाणे त्याच्यामागे न शिवता लॉबीत आलेलेही बाद. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, परत फिरवला. दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, सामना थांबवावा लागला, आणि अखेर ३३-२९ने आपण जिंकलो.

'कृपा' मला मान्य नाही. अंतिम सामन्यात कोणता नियम लागू हे पंचांनाच सामन्याच्या चाळिसाव्या मिनिटाला ठरवावं लागतं, याला माझ्या भाषेत नाचक्की म्हणतात, आणि ती दोन्ही संघांवर अन्याय करणारी आहे. प्रो कबड्डीत एक नियम, आंतरराष्ट्रीय सामन्यात दुसरा, खेळाडू तेच. असं झाल्यावर कुणीतरी मातीत बसून राहणारच. त्या दिवशी इराण जिंकला असता तर तुम्ही मला याच्या उलट पत्र लिहिलं असतंत, लिहिलं नसतंत का?

इराणचं म्हणाल तर ते आता पाहुणे राहिलेले नाहीत. १९९०पासून सलग सात सुवर्णं घेतलेल्या आपल्या पुरुषांना २०१८च्या उपांत्य फेरीत त्यांनी २७-१८ने हरवलं. त्याच स्पर्धेत महिलांच्या अंतिम फेरीत आपल्याला २७-२४ने हरवणाऱ्या इराणी मुलींच्या मार्गदर्शक कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन. तेव्हा आमच्या शिक्षक खोलीत हसावं की रडावं यावर दुपारभर वाद झाला होता. मी हसणाऱ्यांत होतो. हांगझोऊत मुलींनी चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, एका गुणाने, २६-२५ने हरवलं, आणि भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक ते. त्या सामन्याबद्दल मला एकही पत्र आलं नाही.

क्रिकेट, कबड्डी असले ऑलिम्पिकमध्ये नसलेले खेळ वजा केले तर खरी पदकं किती उरतात?
– स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे

वजाबाकी करून देतो, पण 'खरी' हा शब्द काढून टाका. पॅरिस ऑलिम्पिकच्या कार्यक्रमाला धरून २८ सुवर्णांतून क्रिकेटची दोन, कबड्डीची दोन, स्क्वॉशची दोन आणि कंपाऊंड (चाकं लावलेल्या धनुष्याच्या) तिरंदाजीची पाच गेली, उरली १७. नेमबाजीच्या सात सुवर्णांपैकी पाच सांघिक प्रकारांतली, तेही ऑलिम्पिकमध्ये नसतात. उरली १२. त्यात मैदानी खेळांची सहा, सिफ्ट कौर सामरा आणि पलकची नेमबाजीतली एकेक, आणि हॉकी, बॅडमिंटन पुरुष दुहेरी, टेनिस मिश्र दुहेरी, घोडेस्वारीतली सांघिक ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या चालींची स्पर्धा.

आता तुमची चाळणी मला का पटत नाही ते. साताऱ्याच्या अकादमीत तयार झालेले ओजस देवतळे आणि अदिती स्वामी हांगझोऊच्या आधीच जगज्जेते झाले होते. नागपूरच्या ओजसने तिथे तीन सुवर्णं घेतली. तो कंपाऊंड धनुष्य वापरतो म्हणून खोटा? शिवाय चाळणीची भोकं बदलत असतात. २०२८च्या लॉस एंजेलिसला क्रिकेट आहे, स्क्वॉश आहे, कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धाही आहे. म्हणजे तुमच्या हिशेबाने जे पदक आज खोटं ते दोन-तीन वर्षांत खरं होणार.

त्यापेक्षा जिथे आपण कोरे राहिलो तिकडे बघा. कुस्तीत एकही सुवर्ण नाही. भारोत्तोलनात एकही पदक नाही, मीराबाई चानू दुखापत होऊन चौथी. आणि पोहणं! एकेचाळीस सुवर्णांचा खजिना, आपल्या वाट्याला शून्य. २०१०ला ग्वांगझोऊच्या एशियाडमध्ये कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं, ते चोवीस वर्षांनी आलेलं पोहण्यातलं पदक होतं. परीक्षेत विचारलं तर हे लिहा.

अविनाश साबळेने हांगझोऊत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं, पण वेळ ८ मिनिटं १९.५० सेकंद. त्याचा स्वतःचा विक्रम तर आठ-अकराचा होता. मग तो हळू का पळाला?
– एक धावपटू, आष्टी, जि. बीड

साबळेच्या मांडव्याच्या शेजारच्या माणसाला हा प्रश्न पडावा! बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२मध्ये त्याने ८:११.२० दिली तेव्हा पुढे आणि आजूबाजूला केनियाचे धावपटू होते, ओढून नेणारे. हांगझोऊत त्याच्या पुढे कुणी नव्हतं आणि मागेही बराच वेळ कुणी दिसत नव्हतं. तीन हजार मीटर, अठ्ठावीस अडथळे, सात वेळा पाण्यावरची उडी, आणि तीन दिवसांनी पाच हजार मीटर पळायचं बाकी. पाय जपले त्याने. तरी स्पर्धेचा विक्रम झालाच, आणि पाच हजारात रौप्यही आलं. मी असतो तर मीही जपले असते, असं म्हणणार होतो, पण मला पहिल्याच पाण्यातून बाहेर काढावं लागलं असतं.

तुम्ही हांगझोऊला गेला होता का?
– सहज विचारलं, सोलापूर

नाही. घरी टीव्हीसमोर होतो. १ ऑक्टोबरला, ज्योतीच्याच संध्याकाळी, लांब उडीत चीनच्या वांग जियानानने ८.२२ मारली आणि आपल्या मुरली श्रीशंकरने ८.१९. नातू म्हणाला, "आजोबा, तीन सेंटिमीटर म्हणजे किती?" कपाटातून माझी जुनी टेप काढली, तिचं पहिलं टोक झिजलेलं आहे म्हणून दहावरून तेरापर्यंत दाखवलं. त्याने त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. अंगठा मोठा निघाला.